दोंडाईचाचे बेअरिंग

प्रमिला वायकोळेनं पहिला मॅक्रो लिहिला तो कंटाळ्यातून.

जळगावच्या एमआयडीसीत पाणबुडी मोटरी बनवणारा एक कारखाना होता. तिथं ती टायपिस्ट म्हणून लागली होती. मोटर म्हटली की तिचे सुटे भाग आले. बुश, शाफ्ट, इम्पेलर, बेअरिंग, रबरी चकत्या, आणि प्रत्येकाचे पाच-सहा आकार. मुख्य स्टोअर जळगावला आणि बाकीचा माल धुळे, धरणगाव, दोंडाईचा आणि एदलाबाद अशा डेपोंमध्ये. एदलाबादचं मुक्ताईनगर व्हायला लागलं होतं, पण कारखान्यात अजून जुनंच नाव तोंडात होतं. कुठल्या डेपोत काय पडलंय, हे सांगणारं महिन्याचं पत्रक स्टोअरचे कारकून हातानं बनवत. ते शेठच्या टेबलावर पोचायचं तोवर पुढचा महिना अर्धा सरलेला असायचा. बन्सीलालशेठ ते चाळायचे आणि म्हणायचे, "हे मागच्या महिन्यात काय होतं ते झालं. आज काय आहे ते कोण सांगणार?"

म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. पुण्याहून माणूस आला, मशीन बसवलं, लोटस नावाचा प्रोग्रॅम टाकला, दोन दिवस शिकवलं आणि गेला. इंग्रजी टायपिंग येतं म्हणून प्रमिलेला त्या काचेच्या खोलीत बसवलं. डेपोंच्या पावत्या एसटीच्या पार्सलनं यायच्या, दोन मुली त्या मशीनमध्ये भरायच्या आणि प्रमिला त्यांचं पत्रक जुळवायची. एक फाईल उघडायची, तिचे आकडे उचलायचे, दुसऱ्या फाईलमध्ये मिळवायचे, ती बंद करायची, पुढची उघडायची. काम हातानं करण्यापेक्षा लवकर व्हायचं, पण त्याच त्याच कळा दाबून तिची बोटं आंबायची. एवढ्या मोठ्या मशीनसमोर बसून आपण यंत्रासारखं काम करतोय, हे तिला पटेना.

लोटसचं जाडजूड पुस्तक तिनं घरी नेलं. ते इंग्रजीत होतं, आणि बी.कॉम. मराठीत झालेलं. डिक्शनरी शेजारी ठेवून ती वाचायला लागली. सासूबाई, भागाबाई, शेंगा सोलत समोर बसायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "पोथी आहे का गं ही? रोज एवढं वाचतेस."

"पोथीच समजा. पण या पोथीतलं एक जरी जमलं तर माझं आठवड्याचं काम एका सकाळीत होईल."

"मग वाच. भाकऱ्या मी टाकते."

पुस्तकाच्या मागच्या भागात तिला पाहिजे ते सापडलं. आपण ज्या कळा एकामागोमाग दाबतो, त्याच ओळीनं शीटमधल्या घरांमध्ये लिहून ठेवायच्या आणि त्या ओळींना नाव द्यायचं. मग ते नाव हाकारलं की मशीन स्वतःच त्या कळा दाबत जातं. त्यालाच मॅक्रो म्हणतात. प्रमिलेनं पुस्तक मिटलं आणि भागाबाईंकडे बघून मोठ्यानं हसली.

सोपं मात्र नव्हतं. सगळ्या डेपोंचा सगळा माल एका शीटमध्ये मावेना. मध्येच मशीन थांबायचं आणि खाली 'मेमरी फुल' असं उमटायचं. तेव्हा तिनं डेपोगणिक वेगळी फाईल केली. तिचा मॅक्रो एकेक फाईल उघडायचा, तिच्यातली बेरीज घ्यायचा, मुख्य शीटमध्ये मिळवायचा आणि फाईल मिटवून पुढच्या डेपोकडे जायचा. मध्ये वीज गेली तर सगळं पुन्हा, म्हणून प्रत्येक डेपो झाला की काम जपून ठेवायला लावणारी एक ओळ तिनं घातली. ज्या दिवशी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत चाललं, त्या दिवशी तिनं हात मांडीवर ठेवले आणि स्क्रीनवर आकडे आपोआप सरकताना बघत बसली. प्रिंटरनं करकर आवाज करत रुंद कागद ओकायला सुरुवात केली तेव्हा बाजूच्या दोन्ही मुली उठून काचेपाशी आल्या.

स्टोअरचे मॅनेजर गिरधरभाऊही आले. उंच, जाडजूड मिशीचा माणूस. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ते इथं होते.

"तुम्ही काहीच दाबलं नाही?" त्यांनी विचारलं.

"एकदा दाबलं."

"आणि हे सगळं बरोबर असेल म्हणता?"

"बरोबर आहे, भाऊ. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. पुढचा महिना हाताचं पत्रकही चालू द्या. जिथं दोन्हींत फरक पडेल तिथं आपण रॅकपाशी जाऊन माल मोजू."

तसंच केलं. फरक पडला की दोघं रॅकपाशी जायचे. बहुतेक वेळा मोजलेला माल मशीनच्या बाजूनं निघायचा. जिथं निघाला नाही तिथं पावती भरताना चूक झालेली असायची. ती प्रमिला तिथंच कबूल करायची आणि दुरुस्त करायची. महिना संपल्यावर गिरधरभाऊंनी हाताचं पत्रक बंद केलं. आणि सकाळी आल्यावर स्टोअरमध्ये जायच्या आधी काचेच्या खोलीत डोकवायला लागले.

मग एप्रिल आला.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. विजेचा दाब सारखा वर-खाली होत होता आणि तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात मोटरी बंद पडायला लागल्या. सगळ्यांचं दुखणं एकच, थ्रस्ट बेअरिंग. पाण्याच्या आत मोटरीचा सगळा भार झेलणारी ही चकती एकदा झिजली की मोटर फिरत नाही. एदलाबादच्या डेपोतला साठा बघता बघता संपला. जळगावचाही संपला. नवा माल कोइम्बतूरहून निघाला होता, पण ट्रक कुठं होता हे कुणालाच सांगता येईना.

एका सकाळी तोताराम आबा थेट कारखान्यात आले. एदलाबादजवळच्या एका गावचे केळीवाले. त्यांनी फडक्यात बांधून आणलेलं फुटकं बेअरिंग गिरधरभाऊंच्या टेबलावर ठेवलं.

"बाग वायून राह्यला ना, भाऊ. घड भरायच्या टायमाले पाणी नाही. मले दुसरं काही सांगू नका, हे द्या."

"आबा, असतं तर तुमच्या गावात पोचतं केलं असतं. खरंच नाही."

"तुमच्या मोटरीचे चांगले पैसे मोजले म्या. तेव्हा माल होता, आन् आता नाही?"

गिरधरभाऊ ते फुटकं बेअरिंग हातात घेऊन बघत राहिले. प्रमिला दारातच उभी होती. तिचं माहेर त्याच पट्ट्यातलं. घड भरताना पाणी तुटलं तर काय होतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

"आबा, थोडं बसा. चहा घ्या," ती म्हणाली. "सगळ्या डेपोंचा माल काढून बघते."

"काल बघितला की," गिरधरभाऊ म्हणाले. "जळगाव निल, एदलाबाद निल, धुळे निल."

"आपण तिघांनाच विचारलं. मशीन पाचही डेपो बघेल."

तोताराम आबांचा चहा बशीत होता तोवर कागद निघाला. या थ्रस्ट बेअरिंगचा नंबर चारशे सतरा, त्याची ओळ तिनं बोटानं धरली. जळगाव, एदलाबाद, धुळे, धरणगाव, चारही ठिकाणी शून्य. दोंडाईचाला मात्र हिवाळ्यात गेलेला सगळा माल. आत गेलेला दिसत होता, बाहेर पडलेला एकही नग नव्हता. एदलाबादच्या पट्ट्याला पुरून उरेल एवढा.

गिरधरभाऊंनी लगेच दोंडाईचाला फोन लावला. तिथल्या डेपोचे प्रमुख झुलालभाऊ, वीस वर्षांपासूनचा जुना माणूस. फोनवरचा त्यांचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

"चारशे सतरा? एकबी नही, भाऊ. माझ्याकडं ते आलंच नाही. मीच तुमच्याकडं मागणार होतो."

गिरधरभाऊंनी फोन ठेवला. चेहरा लाल झाला होता. "आलंच नाही म्हणतो. इथून गाडी भरून दिलेली आहे, चलन आहे. मग गेला कुठं माल?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "विकला बाहेर. दुसरं काय?"

बातमी शेठपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. बन्सीलालशेठनी दोघांनाही बोलावलं. त्यांच्यासमोर तोच कागद होता.

"ताई, हे तुमचं मशीन चूक करू शकतं का?"

"भरलेलं चुकलं तर करू शकतं. पण ही नोंद मी पुन्हा तपासून आले. चलनाशी जुळते."

"म्हणजे झुलाल खोटं बोलतो," गिरधरभाऊ म्हणाले. "शेठ, सस्पेंड करा. पोलिसांत देऊ. बाकीच्या डेपोंनाही कळेल की आता लपवता येत नाही."

शेठनी कागद पुन्हा हातात घेतला. प्रमिला शांतपणे बोलली.

"शेठ, कागदावर एवढंच आहे की माल गेला आणि विक्री झाली नाही. झुलालभाऊंनी तो खाल्ला असं त्यात कुठंच नाही. हा रिपोर्ट मी बनवलाय. त्यात जे नाही ते त्याच्या नावावर कुणी वाचू नये. मला जाऊ द्या. सकाळची सुरत पॅसेंजर पकडते, गोडाऊन डोळ्यांनी बघते."

"तुम्ही जाऊन काय करणार?" गिरधरभाऊ म्हणाले.

"तुमच्यासोबत केलं तेच. रॅकपाशी जाऊन मोजणार."

शेठनी मान हलवली. "जा. तुम्ही परत येईपर्यंत कुणी कुणाला काही बोलायचं नाही. गिरधर, ऐकलं?"

बाहेर तोताराम आबा अजून बसले होते. प्रमिलेनं त्यांना सांगितलं, "आबा, माल आहे असं मला वाटतं. दोंडाईचाला जाते. मिळाला तर पहिलं बेअरिंग तुमचं."

"आन् नाही मिळालं?"

"मिळेल," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर आपण केवढं बोलून गेलो हे तिच्या लक्षात आलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसायला जागा मिळाली. धरणगाव मागे पडलं, अमळनेर गेलं, शेतं उघडी आणि भुरकट होत गेली. खिडकीतून गरम वारा यायला लागला. प्रमिला कागद उलटसुलट करून बघत होती. माल विकला असेल तर? मग तिच्या मशीननं एक चोर पकडला असा गाजावाजा होईल. पण झुलालभाऊंच्या आवाजात काल तिनं ऐकलं होतं ते चोराचं नव्हतं. मला हवं ते माझ्याकडं नाही, असा त्रासलेला आवाज होता तो. आणि नोंद तर खरी होती. दोन्ही खरं असेल तर मधे काहीतरी असलं पाहिजे. काय, ते तिथं गेल्यावरच कळेल.

दोंडाईचाचा डेपो स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, मिरचीच्या वखारींच्या रांगेत होता. हवेत ठसका होता. झुलालभाऊ दारातच उभे होते. बारीक अंगाचे, पांढरी टोपी, खिशाला पेन. ती येणार हे त्यांना कळलं होतं, आणि का येणार तेही कुणीतरी फोनवर सांगून टाकलं होतं.

"या," ते म्हणाले, पण बसा म्हणाले नाहीत. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी सरळ टेबलावर ठेवला. "ताई, वीस वरीस झालं मला इथं. एक खिळा इकडचा तिकडं झालेला नाही." आणि मग ऑफिसची भाषा सुटली, घरची अहिराणी आली. "मी काय चोर शे का? बठ्ठा गोडाऊन उघडा शे. देखी ल्या. जे सापडी ते लिखी ल्या."

"झुलालभाऊ, मी चोर शोधायला आले नाही. बेअरिंग शोधायला आले."

"पन तुम्हना मशीननी सांगं ना की मी खाई गया?"

"मशीननं एवढंच सांगितलं की माल इथं आला. खाल्ला असं मशीन म्हणालं नाही. मीही म्हणाले नाही. मी म्हणाले असते तर पोलीस आले असते, मी नसते आले."

झुलालभाऊंनी तिच्याकडं नीट बघितलं. मग खुर्ची पुढं सरकवली आणि पाण्याचा तांब्या ठेवला.

"हिवाळ्यात जळगावहून जी गाडी आली," प्रमिला पाणी पिऊन म्हणाली, "तिच्यातून काय काय उतरवलं, आठवतं?"

"आठवतं ना. शाफ्ट आले, केबल आली, आणि खोके आले जुन्या मॉडेलचे. मी म्हटलं, हे मॉडेल तर बंद झालं, हा माल मला कशाला पाठवला? चलन मागून येणार होतं, ते आलंच नाही."

"कोणते खोके?"

"तीनशे नंबरचे. जुन्या मोटरीचं बेअरिंग. आता ती मोटर कुणाकडं आहे? मी फोन केला होता जळगावला, चुकून आलंय म्हणून. ते म्हणाले ठेवून द्या, गाडी येईल तेव्हा परत पाठवा. गाडी आली, गेली, कुणी मागितलंच नाही."

प्रमिला उभी राहिली. "खोके कुठं आहेत?"

गोडाऊनच्या मागच्या बाजूला, बंद झालेल्या मॉडेलच्या मालासाठी एक लाकडी फळी होती. तिच्यावर खोके एकावर एक नीट रचलेले होते, वर धूळ बसू नये म्हणून गोणपाट टाकलेलं. प्रत्येक खोक्यावर ठळक छापलेलं होतं: तीनशे. चिकटपट्टी कुणी उचकटलेली नव्हती.

"उघडू का?"

"उघडा. मी हात बी लाया नही."

हमालानं वरचा खोका खाली घेतला. प्रमिलेनं पट्टी फाडली. आत गवत भरलेलं होतं, गवतात कागदात गुंडाळलेल्या काळ्या चकत्या. तिनं एक बाहेर काढून उजेडात धरली. कडेला कोरलेलं होतं: ४१७.

तिनं ती चकती झुलालभाऊंच्या हातावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला, उलटी करून पुन्हा वाचला. मग दुसरा खोका स्वतः फोडला. मग तिसरा. सगळ्यांत तेच.

"जळगावच्या पॅकिंगवाल्यांनी उरलेले जुने खोके वापरले," प्रमिला म्हणाली. "वाया जाऊ नयेत म्हणून. आत नवा माल, बाहेर जुना नंबर."

झुलालभाऊ खोक्यावरच बसले. टोपी काढून हातात घेतली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. "म्हणजे माल बी इथंच आणि मी बी खरा."

"मशीनही खरं आणि तुम्हीही खरे. खोका तेवढा खोटा."

तेव्हा ते हसले. गोडाऊनमधला हमालही हसला.

स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून प्रमिलेनं जळगावला फोन लावला. गिरधरभाऊंनीच उचलला. तिनं सगळं सांगितलं आणि मग, जराही न थांबता, पुढचंही सांगितलं. "खोके आले तेव्हा झुलालभाऊंनी फोन केला होता. जुना माल चुकून आलाय म्हणून. स्टोअरमधून कुणीतरी ठेवून द्या म्हणालं होतं. ते म्हणतात, तुम्हीच होतात."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"भाऊ?"

"ऐकतोय," गिरधरभाऊ म्हणाले. "मीच होतो. आता आठवलं."

"धुळ्याचा टेम्पो इकडं मागवते. रात्री धुळ्यात थांबून सकाळी जळगावला येतो, तसाच पुढं एदलाबादला. झुलालभाऊ स्वतः मालाबरोबर येतायत."

"येऊ द्या," ते म्हणाले.

धुळ्याच्या डेपोतून टेम्पो दुपारी आला. खोके चढवताना झुलालभाऊंनी प्रत्येकावर खडूनं नवा नंबर लिहिला. प्रमिला धुळ्यात मावसबहिणीकडे राहिली. सकाळी ते हायवेनं निघाले, टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीनं. पारोळा, एरंडोल करत ते जळगावला पोचले तेव्हा कारखान्याचा पहिला भोंगा नुकताच झाला होता.

फाटकापाशी शेठ होते, तोताराम आबा होते आणि पॅकिंगची माणसं होती. गिरधरभाऊ त्यांच्या पुढं उभे होते. झुलालभाऊ टेम्पोतून उतरले. वीस वर्षं फोनवर बोललेली दोन माणसं समोरासमोर आली.

मग गिरधरभाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "झुलालभाऊ, तुमचा फोन मी घेतला होता. ठेवून द्या मी म्हणालो होतो आणि विसरलो मी. परवा या लोकांसमोर तुम्हाला चोर म्हणालो. तेही मीच." त्यांनी हात जोडले.

झुलालभाऊंनी ते हात धरून खाली केले. "असं करू नका, गिरधरभाऊ. माल सापडला ना. चहा सांगा."

"चहा नंतर," तोताराम आबा मागून ओरडले, "आधी माही चकती द्या!"

फाटकाबाहेर सगळे हसले. झुलालभाऊंनी स्वतः खोका फोडला आणि पहिलं बेअरिंग आबांच्या हातात ठेवलं. आबा टेम्पोतच बसून गेले. एदलाबादच्या डेपोसमोर गर्दी थांबलेलीच होती. दुपारी तिथून फोन आला की मेकॅनिक माल घेऊन शेतांवर पांगले आहेत, आणि आबांच्या बागेत पाणी सुरू झालं आहे.

त्या आठवड्यात शेठनी प्रमिलेला बोलावलं. गिरधरभाऊही होते. शेठ खुशीत होते.

"ताई, आता असं करा. जो माल डेपोत गेला आणि पडून राहिला, त्याची यादी दर सोमवारी मशीनमधून काढायची. काढली की थेट माझ्या टेबलावर. बघू कोण माल दाबून बसतो ते."

"यादी काढते," प्रमिला म्हणाली. "पण आधी ती डेपोला जाईल. डेपोनं उत्तर दिलं की त्या उत्तरासकट तुमच्याकडं येईल."

शेठच्या भुवया वर गेल्या. "मालक मी आहे ना?"

"म्हणूनच म्हणते. माल का पडलाय हे मशीनला कधीच कळणार नाही. ते डेपोच्या माणसालाच ठाऊक असतं. तुम्ही नुसता आकडा बघितलात तर तुम्हाला चोर दिसेल. उत्तर वाचलंत तर खोके दिसतील." ती थांबली नाही. "मॅक्रोत मी तशी जागा केलीय. प्रत्येक ओळीपुढं डेपोचं म्हणणं भरायचं. ते भरल्याशिवाय शेवटचा कागद छापलाच जात नाही."

"म्हणजे विचारायच्या आधीच करून ठेवलंत?"

"हो."

शेठनी गिरधरभाऊंकडं बघितलं. त्यांना वाटलं असावं की निदान हे तरी आपली बाजू घेतील. गिरधरभाऊंनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाई बरोबर बोलतात, शेठ. ही जागा आधी असती तर माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं असतं."

शेठ हसले. "चालू द्या. आणखी काही?"

"दुसरं मशीन पाहिजे. पावत्या भरतानाच रिपोर्ट काढता येत नाही, एकाला थांबावं लागतं. आणि दोघी मुलींनाही मॅक्रो शिकवायचाय. मी रजेवर गेले तर काम अडू नये."

"शिकवलंत तर तुमची गरज उरेल का?" शेठनी गमतीनं विचारलं.

"मला पुढचं काम आहे. धुळ्याचा डेपो म्हणतोय, त्यांच्याकडंही मशीन बसवा. ते कुणी करायचं?"

पावसाळ्याआधी दुसरं मशीन आलं. पॅकिंगमध्ये जुने खोके वापरणं बंद झालं. सोमवारची यादी फोनवर वाचून दाखवायचं काम मुलींनी वाटून घेतलं. सुरुवातीला डेपोंचे लोक कुरकुरले, मग त्यांनाच सवय लागली. धरणगावला सोमवारी फोन गेला नाही तर तिकडूनच यायचा.

झुलालभाऊंचा फोन मात्र प्रमिलाच घ्यायची. श्रावणातल्या एका सोमवारी तिनं यादी वाचायला सुरुवात केली, तर ते मध्येच म्हणाले, "थांबा, ताई. तुम्हना रिपोर्टमा चूक शे."

"कुठं?"

"केबल. तुम्ही म्हणता माझ्याकडं पडून आहे. ती तर धुळ्याला दिली मागच्या आठवड्यात. त्यांचा माणूस येऊन घेऊन गेला."

प्रमिलेनं फोन कानाशी धरूनच दुसऱ्या हातानं धुळ्याच्या पावत्यांचा गठ्ठा ओढला. पावती होती. मुलींनी ती अजून भरली नव्हती.

"बरोबर आहे तुमचं, भाऊ. थांबा, आत्ता भरते."

तिनं आकडा टाकला आणि मॅक्रो पुन्हा सुरू केला. प्रिंटरची करकर फोनमधून पलीकडं ऐकू जात असावी, कारण झुलालभाऊ म्हणाले, "हां, निंघी गया आता. वाचा."

ती पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.